दहा वर्षांची मुलगी: 'अ' संघात बाकावर, की 'ब' संघात पूर्ण वेळ?

विजापूर रोडचा बाबा:
मुलीला नोव्हेंबरमध्ये दहा पूर्ण झाली. फुटबॉलचं वेड आहे. सरांनी आता 'अ' संघात घेतो म्हणून विचारलंय. तिथे बहुतेक पोरं, तीही वयाने मोठी. सोलापूरहून पुणे-कोल्हापूरला स्पर्धांना जातात. सरांनी स्पष्ट सांगितलं, पहिलं वर्ष सामन्यात शेवटची पाच-दहा मिनिटं मिळतील. 'ब' संघात ती मधल्या फळीत पूर्ण सामना खेळते, कॉर्नर तीच मारते. माझं मन 'ब'कडे आहे. या वयात चेंडू पायाशी किती वेळा येतो, हेच मोठं. घरात मात्र आजोबा म्हणतात, संधी सोडू नका. तुम्हाला काय वाटतं?

होटगी रोडकर:
आजोबांचं बरोबर आहे. आपल्याकडे मुलींना संघ कुठे आहेत? सुब्रतो कपसारख्या मोठ्या शालेय स्पर्धेत मुलींचा गट १७ वर्षांखालचा एकच. तोवर तिला कस लावणारं कोण भेटणार? भारताकडून खेळलेली बाला देवी मणिपूरमध्ये लहानपणी पोरांबरोबरच खेळली आणि २०२० मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रेंजर्स क्लबने तिला करारबद्ध केलं. सोप्या संघात सगळ्यांना चकवून गोल मारायची सवय लागली, तर पुढे तगडी बचाव फळी आली की मुलगी गोंधळते.

पीटी मास्तर:
पोरांबरोबर खेळू द्याच, त्याला माझा विरोध नाही. पण बाला देवी खेळली, बाकावर बसली नाही. दुसरं म्हणजे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. या मुलीचा जन्म नोव्हेंबरचा, म्हणजे तिच्याच गटातलं जानेवारीचं मूल तिच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठं. दहाव्या वर्षी दहा महिने म्हणजे उंची, धाव, ताकद सगळ्यात फरक. त्यात 'अ' संघात अजून मोठी पोरं. तिथे ती मागे पडली, तर ते कौशल्य कमी म्हणून की अंगाने लहान म्हणून, हे कळणारच नाही. मैदानावर मी हे सारखं बघतो. अंगाने थोराड पोरगं निवडलं जातं, आणि ज्याला पास दिसतो ते लहान मूल वर्षभर पाणी वाटत बसतं. मग खेळ सोडून देतं. मुली तर आधी सोडतात.

होटगी रोडकर:
सर, सराव तर रोज त्याच पोरांबरोबर होणार ना? आठवड्यातला एक सामना गेला, बाकी दिवस शिकतेच.

पीटी मास्तर:
सामन्यात निर्णय स्वतः घ्यावा लागतो. पुढे दोघं अंगावर आले, पास द्यायचा की वळायचं? चुकली, गोल झाला, तरी पुढचा चेंडू मागायचा. हे सरावात येत नाही.

जुळे सोलापूरची आई:
दोघंही संघाबद्दल बोलताय, प्रवासाबद्दल कुणीच नाही. पुणे अडीचशे किलोमीटर. पहाटे निघायचं, दिवसभर मैदानात, रात्री परत, आणि खेळायला दहा मिनिटं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो, दुपारचा सामना असला तर मोठ्यांनाही भोवळ येते. दादा, सरांना आधी हे विचारा: संघात दुसरी मुलगी आहे का? बाहेरगावी सोबत बाई असते का? कपडे बदलायची, स्वच्छतागृहाची सोय काय? ही उत्तरं नीट नसतील तर 'अ'चा विषयच संपला.

नवा मेंबर:
'अ' बरोबर सराव आणि 'ब' कडून सामने, असं नाही चालत का?

पीटी मास्तर:
सरांची तयारी असेल तर मला हेच आवडेल. फक्त एकाच स्पर्धेत दोन संघांकडून नाव लावता येत नाही, ते आधी बघा. आणि चेंडूही बघा. बारापर्यंत ४ नंबरचा हवा. मोठ्यांत गेली की ५ नंबर पायाशी येतो, लहान पायाला तो जड पडतो.

होटगी रोडकर:
दोन्हीकडे एकेक पाय ठेवून कुठेच मुरत नाही, असं माझं मत. मी अजूनही 'अ'च म्हणेन, पण सामन्यात निम्मा वेळ मिळेल असं सरांकडून ठरवून घ्या. नाही म्हणाले तर थांबा.

विजापूर रोडचा बाबा:
ताई, तुमचे प्रश्न आमच्या डोक्यातच आले नव्हते, आभार. आज तिला विचारलं. ती म्हणाली, 'अ'ची पोरं पास देतात का ते आधी बघते. सरांशी बोललोय, या रविवारी पार्क स्टेडियमवर त्यांच्या सरावात तिला खेळवून बघणार आहेत. तोवर 'ब' सोडत नाही.