बोलेरोला खडीच्या रस्त्यासाठी टायर: ए/टी की एम/टी?

शिवारफेरी_बार्शी

गाडी बोलेरो, टू-व्हील ड्राइव्ह. टायरचं माप २१५/७५ आर१५, सध्या कंपनीनेच दिलेले एच/टी (हायवे टेरेन, डांबरासाठीचे). आठवड्यातून चार दिवस सोलापूर-वैराग-बार्शी. त्यात साधारण ७० किमी डांबर आणि २५-३० किमी आतले रस्ते. आतल्यांपैकी निम्मे मुरमाचे, बाकीच्यांवर खडी अंथरलेली, पण दबाई अर्धवट. मागे बऱ्याचदा खताची सहा-सात पोती. हवा चारही चाकांत ३५ पीएसआय.

दोन टायर साइडने कापले गेलेत, उरलेल्या दोघांच्या नक्षीचे टवके उडालेत. दुकानदार म्हणतो २३५/७५ आर१५ एम/टी (मड टेरेन) टाका, प्रश्नच मिटेल. प्रश्न तीन: ए/टी (ऑल टेरेन, सगळ्या रस्त्यांसाठीचे) की एम/टी? माप वाढवावं का? हवा किती ठेवावी?

काळाकातळ

एम/टी नको. तो टायर चिखलासाठी असतो. नक्षीच्या गोट्या मोठ्या, मधल्या फटी रुंद. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, फोडलेली, कडा सुरीसारख्या. टोकदार तुकडा त्या फटीत बसला की दोन गोष्टी होतात. एक तर गोटीची कड पकडून टवका काढतो. नाहीतर तिथेच अडकून प्रत्येक फेऱ्यात थोडा थोडा आत घुसत राहतो आणि शेवटी तळाच्या तारेपर्यंत पोहोचतो. शिवाय तुमचं ७० टक्के अंतर डांबर आहे. तिथे एम/टी घूं-घूं करतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरावर ब्रेकला उशिरा थांबतो.

चिखलाचा हिशेबही बघा. सोलापुरात मोठा पाऊस सप्टेंबरात, एकूण चिखलाचे दिवस मोजकेच. त्या दिवसांत काळ्या रानात टू-व्हील बोलेरो एम/टीवरही फसते, कारण ती माती चाकाला लिंपून नक्षीच बुजवते. वाफसा येईपर्यंत थांबणं स्वस्त पडतं.

ए/टी घ्या. पण नुसतं ‘ए/टी’ हे नाव बघून नको. दुकानात टायर आडवा करून तीन गोष्टी तपासा:

– नक्षीच्या खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे आहेत का. ते अडकलेला दगड बाहेर ढकलतात.
– नक्षी खांद्यावरून साइडवर किती खाली उतरलीय. खाली उतरलेलं जाड रबर साइडवॉलला चिलखताचं काम करतं.
– साइडवर ‘साइडवॉल’ शब्दापुढे किती प्लाय (आतल्या धाग्यांचे थर) छापलेत. एक प्लाय असेल तर खडीसाठी सोडून द्या. दोन चालतील, तीन उत्तम.

गेजबहाद्दर

टायर बदला, पण ३५ हवा तशीच ठेवलीत तर नव्या ए/टीचेही टवके उडतील. कडक टायर दगडावर आदळतो, मऊ टायर दगडाला पोटात घेतो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. डांबरावर तेच पाळा. खडी सुरू झाली की १५ ते २० टक्के कमी करा. म्हणजे ३२ असेल तर २६-२७. पोती भरलेली असतील तर फक्त पुढची चाकं उतरवा, मागची स्टिकरच्या भरलेल्या आकड्यावरच राहू द्या. युरियाचं एक पोतं ४५ किलोचं, सात पोत्यांचे ३१५ किलो आणि बहुतेक भार मागच्या एक्सलवर. मऊ टायरवर एवढं वजन म्हणजे साइडवॉल सतत दुमडत राहणार आणि तापणार.

हवा उतरवली असेल तर वेग ४०-५० च्या आत. डांबराला लागायच्या आधी पुन्हा भरा. त्यासाठी १२ व्होल्टचा पंप गाडीतच ठेवा. चार चाकांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. मोठा पंप असेल तर बॅटरीला चिमट्याने जोडा, लायटरच्या सॉकेटचा फ्यूज उडतो.

आणि हवा सकाळी, टायर गार असतानाच मोजायची. साधारण साडेपाच अंशाला १ पीएसआय वाढतो. एप्रिल-मेच्या दुपारी पंपावर गेजवर ३७-३८ दिसलं म्हणून हवा सोडली, की दुसऱ्या दिवशी सकाळी हवा कमी पडलेली मिळते.

वाळूतला_राजा

२६ कशाला, सरळ २० करा. गाडी गादीवर चालल्यासारखी जाते.

काळाकातळ

वाळूत चालेल, खडीत नाही. २० वर साइडवॉल बाहेर फुगते, म्हणजे नेमका जो भाग वाचवायचा तोच दगडासमोर येतो. खड्ड्याच्या कडेवर टायर रिम आणि दगडामध्ये चिमटला की आतले धागे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, दोन दिवसांनी साइडला लिंबाएवढा फुगा येतो. मग तो टायर भंगारात, त्याला दुरुस्ती नाही. मुरमावर पत्र्यासारख्या लाटा पडल्या असतील तर रिकाम्या गाडीत फार तर २४.

शिवारफेरी, एक विचारतो. साइडचे दोन्ही कट डाव्या चाकांचेच आहेत का?

शिवारफेरी_बार्शी

हो, दोन्ही डावीकडचे. पुढचा आणि मागचा.

काळाकातळ

मग अर्धं कारण सापडलं. समोरून उसाची ट्रॉली आली की डावी चाकं साइडपट्टीवर उतरतात आणि रस्त्यावरून उडालेली सगळी टोकदार खडी तिथेच साठलेली असते. उतरताना नाही, परत वर चढताना कापतं. कारण स्टिअरिंग जरासंच वळवलेलं असतं आणि टायरची बाजू कडेला घासत वर येते. वेग पार कमी करा, थोडं जास्त वळवून चाक कडेवर तिरकं चढवा, घासत नेऊ नका. कोणताही टायर घ्या, हे नाही केलं तर पुन्हा कापेल.

माप_आणि_माती

मापाबद्दल. २१५/७५ आर१५ चा व्यास ७०३.५ मिमी, २३५/७५ आर१५ चा ७३३.५. फरक ३० मिमी, म्हणजे सव्वाचार टक्के. मीटरवर ६० दिसेल तेव्हा गाडी ६२-६३ ने चालू असेल. गिअर तेवढे जड होतील, भरल्या गाडीत चढाला ते जाणवेल. जमिनीपासून उंची वाढते ती फक्त १५ मिमी. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर आत कुठे घासतंय का ते बघावं लागेल. कंपनीने दिलेल्या मापाबाहेर गेलात तर विम्याच्या दाव्यात वाद उभा राहू शकतो तो वेगळाच. १५ मिमीसाठी एवढं करू नका. २१५/७५ आर१५ मध्ये ए/टी मिळतात, तेच घ्या.

साइडवर वाचायचे आकडे: १००एस असेल तर एका टायरची क्षमता ८०० किलो आणि वेग १८० पर्यंत. मूळ टायरच्या आकड्यापेक्षा कमी अजिबात नको. मापाच्या आधी किंवा नंतर ‘एलटी’ (लाइट ट्रक) लिहिलेला टायर जाड आणि कापायला चिवट असतो. पण जड असतो, रिकाम्या गाडीत धक्के जास्त देतो आणि तेवढंच वजन पेलायला त्याला हवा जास्त लागते. म्हणजे साध्या टायरचा स्टिकरवरचा आकडा त्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

तारीख बघा. ‘डीओटी’च्या ओळीतले शेवटचे चार अंक: १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. वर्षापेक्षा जुना माल असेल तर दुसरा मागा. पत्र्याच्या गोदामातल्या उन्हाळ्याने रबर कडक होतं आणि कडक रबराचे टवके लवकर उडतात.

शिवारफेरी_बार्शी

एकदम चार परवडणार नाहीत. दोनच घेतले तर पुढे की मागे? आणि नक्षीत कट असलेले जुने दोन वापरावेत का?

गेजबहाद्दर

नवे दोन मागे. मागचं चाक घसरलं तर गाडी फिरते, पुढचं घसरलं तर निदान सरळ तरी जाते. मोकळ्या खडीवर हा फरक मोठा. एकाच एक्सलवर एक ए/टी आणि एक एच/टी मात्र कधीच नको.

जुन्या दोघांसाठी: गाडी जॅकवर घ्या, टायर धुवा, चपट्या स्क्रूड्रायव्हरने नक्षीतले सगळे दगड काढा. मग प्रत्येक कट दोन अंगठ्यांनी उघडून टॉर्चने आत बघा. तळाला काळं रबरच दिसत असेल तर चालवा. पिवळसर तार चमकली तर पाणी आत जाऊन गंज धरणार आणि नक्षीचा पट्टा सुटणार, तो टायर काढा. साइडच्या कटात धागे दिसले तरी तेच, मशरूम पॅच मारून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पॅच फक्त नक्षीच्या भागात. खोबणीतली झीज दाखवणारी पट्टी १.६ मिमीवर असते आणि कायद्याची मर्यादाही तीच. पण खडीवर चालवायचं तर ३-४ मिमी उरल्यावरच टायर निवृत्त करा, पातळ झालेल्या रबरातून दगड लगेच आरपार जातो.

माप_आणि_माती

आणि स्टेपनी बाहेर काढून बघा. दोन टायर कापले गेलेत म्हणजे तीही बहुतेक वापरून झालीय.