धर्मसभेतली चिथावणी कलम २५ मध्ये बसते का? तक्रार कशी करावी?

रानवारा (प्रश्न)

धर्मसभा आणि मोर्चांमध्ये माईकवरून एका समाजाचं नाव घेऊन 'यांच्या दुकानातून काही घेऊ नका, यांना गावात टिकू देऊ नका' असं उघड बोललं जातं. हरकत घेतली की आयोजकांचं उत्तर ठरलेलं असतं: हा धर्मप्रचार आहे, घटनेच्या कलम २५ नं दिलेला हक्क आहे. वक्ता कुठल्या का धर्माचा असेना, बचाव हाच असतो.

हा बचाव कोर्टात टिकतो का? नसेल टिकत, तर कोणती कलमं लागतात? आणि तक्रार अशी कशी द्यावी की पोलीस ठाण्यातून ती परत येणार नाही? 'सगळे एकमेकांशी नीट वागा' छापाची उत्तरं नकोत, कागदावर उतरेल असं सांगा.

काळा_कोट_लातूर

टिकत नाही. कलम २५(१) मुळातून वाचा. त्याची सुरुवातच 'सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून' अशी आहे. हक्क येतो तो या अटीनंतर. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं भारतीय दंड संहितेचं जुनं कलम २९५-अ (जाणूनबुजून धर्माचा अपमान) वैध ठरवताना नेमकं याच अटीवर बोट ठेवलं. २००० मध्ये चेन्नईच्या एका चर्चच्या ध्वनिवर्धकांचं प्रकरण आलं, तेव्हाही न्यायालयानं सांगितलं की दुसऱ्यांची शांतता मोडून किंवा ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करा असं कुठलाही धर्म सांगत नाही.

याचा अर्थ धर्माचा दावा नेहमीच हरतो असा नाही. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात केरळमधली यहोवाज विटनेस पंथाची तीन भावंडं होती. राष्ट्रगीताला ती आदरानं उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. शाळेनं काढून टाकलं, सर्वोच्च न्यायालयानं परत घ्यायला लावलं. त्यांच्या न गाण्यानं कुणाच्या अंगाला धक्का लागत नव्हता, कुणाचा हक्क जात नव्हता. 'अमक्यांना गावात टिकू देऊ नका' या वाक्याचा सगळा भार दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो, म्हणून ते या पंक्तीत बसतच नाही.

आता कलमं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे अर्जात १५३-अ वगैरे जुने आकडे घालू नका.

कलम १९६: धर्म, जात, भाषा इत्यादींवरून गटागटांत वैर वाढवणं, ३ वर्षांपर्यंत कैद. कलम १९७(१)(ख): एखाद्या धर्माचे म्हणून लोकांना नागरिकत्वाचे हक्क नाकारावेत असं सांगणं किंवा पसरवणं. 'गावात राहू देऊ नका' याला हे कलम अगदी चपखल बसतं आणि तक्रारींमध्ये नेमकं तेच राहून जातं. कलम २९९: जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं एखाद्या धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा अपमान. कलम ३५३(२): वैर पसरवण्यासाठी खोटी माहिती किंवा अफवा.

आयोजकांना एक गोष्ट आवर्जून वाचून दाखवा. कलम १९६(२) प्रमाणे हाच गुन्हा प्रार्थनास्थळी किंवा धार्मिक विधी चालू असलेल्या जमावात केला, तर शिक्षा ५ वर्षांपर्यंत जाते. धर्माचं निमित्त पुढे केल्यानं कायदा सौम्य होत नाही. उलट धर्मविधीच्या जागी केलेली चिथावणी तो जास्त गंभीर धरतो, आणि ते योग्यच आहे. श्रद्धेनं जमलेल्या माणसांच्या मनात विष कालवणं हा त्या श्रद्धेचाही अपमान आहे.

पंचनामा

कलमं काळा_कोट यांनी दिलीच आहेत. तक्रार फसते ती बहुतेक वेळा पुराव्यापाशी.

भाषण शक्यतो सलग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत असावं. २० सेकंदांची क्लिप दिली की समोरचा वकील पहिलाच मुद्दा 'मागचापुढचा संदर्भ कापला' असा घेतो. मूळ फाइल ज्या फोनमध्ये रेकॉर्ड झाली त्यातून हलवू नका, तिचं नावही बदलू नका. व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि फाइलचं हॅश मूल्य (तिच्या मजकुरावरून निघणारा डिजिटल ठसा) बदलतं. मग 'हीच मूळ फाइल' हे सिद्ध करताना दमछाक होते. म्हणून प्रत केबलनं पेनड्राइव्हवर घ्या आणि तेव्हाच एसएचए-२५६ पद्धतीनं हॅश काढून लिहून ठेवा.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच आहे. भाग 'अ' उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञानं, आणि दोन्हीत हॅश लिहायचं. हे प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचं जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब च्या संदर्भात २०२० मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक वादात पक्कं झालं. मूळ फोनच कोर्टात हजर करून त्याच्या मालकानं साक्ष दिली, तर प्रमाणपत्राची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे.

अर्जात 'आमच्या भावना दुखावल्या' हे पहिलं वाक्य नको. तारीख, वेळ, जागा, वक्ता, आयोजक, आणि मग शब्द जसेच्या तसे, मिनिट-सेकंदासह: '१४:३२ ते १४:५१, वक्ता म्हणतो…'. बोली वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीच लिहा, प्रमाण मराठीत सुधारू नका. प्रत्येक वाक्यासमोर लागणारं कलम लिहा.

सभेची परवानगी कोणत्या अटींवर दिली होती, आयोजकांना आधी नोटीस बजावली होती का आणि पोलिसांनी स्वतः चित्रीकरण केलं का, हे माहिती अधिकारात मागा. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७(१)(३) चा मनाई आदेश चालू होता का, तेही पाहा. परवानगीत 'प्रक्षोभक भाषण करणार नाही' ही अट असेल तर ती मोडल्याचा मुद्दा वेगळा उभा राहतो.

मुक्ताई_७

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे ना? ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुकानांवरच्या बहिष्काराला तोच लावता येईल.

काळा_कोट_लातूर

@मुक्ताई_७, इथे तो लागणं कठीण. त्याची व्याख्या एकाच समाजाच्या सदस्यांमधल्या बहिष्काराची आहे. जातपंचायतीनं आपल्याच माणसाला वाळीत टाकणं, त्याच्याशी रोटीबेटी तोडणं, मयताला खांदा न देणं यासाठी तो केला. एका धर्माच्या सभेनं दुसऱ्या धर्माच्या दुकानदारांवर बहिष्कार पुकारला तर १९६ आणि १९७ कडेच जावं लागेल.

तराजू

दुसरी बाजू मांडतो, कारण ती सुटली तर हीच कलमं उद्या कीर्तनकारावर, लेखकावर आणि चिकित्सा करणाऱ्यावर उलटतील. आपल्या राज्यात ते घडलेलं आहे. शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरून पुण्यात गुन्हा नोंदला गेला होता. २००७ मध्ये मंझर सईद खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. वैर वाढवण्याचा हेतू हा या कलमाचा (जुनं १५३-अ, आताचं १९६) गाभा आहे आणि तो लिखाण अखंड वाचून ठरवायचा, सुटं वाक्य उचलून नाही, असं तिथे सांगितलं. शिवाय १९९७ च्या बिलाल कालू निकालानुसार वैराला किमान दोन गट लागतात. नुसता एका गटाचा राग पुरत नाही.

मोजायचं कुणाच्या मनानं, हेही ठरलेलं आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९४० च्या दशकात कसोटी दिली: समंजस, खंबीर, धीट माणसाच्या नजरेनं शब्दांचा परिणाम पाहायचा, ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो त्याच्या नजरेनं नाही. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हीच कसोटी पुन्हा वापरून कवितेवरचा गुन्हा रद्द केला.

म्हणून धर्मग्रंथावर, रूढीवर, बुवाबाजीवर कितीही जहाल टीका असली तरी तक्रार करू नका. माणसांना त्यांच्या धर्मावरून गावाबाहेर काढा असं म्हटलं, तरच करा. 'भावना दुखावल्या' हाही धर्माच्या नावानं दुसऱ्याचं तोंड बंद करण्याचाच दावा असू शकतो.

रानवारा

@तराजू, पटलं. पण ठाणेदार 'चौकशी करतो' म्हणून अर्ज ठेवून घेतात आणि पोच देतात. पुढे?

पंचनामा

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा) कलम १७३(३) प्रमाणे ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीनं प्राथमिक चौकशी करता येते, पण १४ दिवसांत संपवावी लागते. पोच मिळाल्याची तारीख धरा आणि पंधराव्या दिवशी चौकशीचा निष्कर्ष लेखी मागा.

गुन्हा नाकारला तर १७३(४) खाली अर्जाचा मजकूर स्पीड पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही काही हललं नाही तर १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. सोबत शपथपत्र आणि आधीच्या दोन्ही पायऱ्यांचा पुरावा जोडा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा, वक्त्याचा धर्म पाहू नये, हा ऑक्टोबर २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना लागू केला गेला. अधीक्षकांच्या पत्रात त्याचा उल्लेख करा.

काळा_कोट_लातूर

आणि गुन्हा नोंदला म्हणजे काम झालं असं समजू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ प्रमाणे १९६ आणि २९९ साठी शासनाची पूर्वमंजुरी असल्याशिवाय कोर्ट दखल घेत नाही. १९७ साठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरीही चालते, म्हणून ते कलम सुरुवातीपासून अर्जात असू द्या. मंजुरीचा प्रस्ताव गेला का आणि कोणत्या तारखेला, हे दर महिन्याला लेखी विचारत राहा. ३ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याला दखल घेण्याची मुदत ३ वर्षांचीच आहे.