राडारोडा दुसऱ्याचा, नोटीस सातबारावाल्याला. हे बरोबर आहे का?

खाडीकाठ: रायगड जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित खाजण, म्हणजे खाडीलगतची जमीन आहे. पावसाळ्यानंतर जाऊन बघतो तर बांधाच्या आत फुटक्या लाद्या, कमोड आणि प्लास्टरचे ढीग. रातोरात डंपर रिकामे करून गेलेत. तक्रार केली, तर नोटीस मलाच आली: जागा तुमची, तुम्हीच उचला, नाहीतर आम्ही उचलून खर्च वसूल करू. माझं म्हणणं, ज्याच्या इमारतीचा माल त्याने भरावं. तो सापडत नसेल तर सरकारी यंत्रणेने. मी का?

स्पष्टवक्ता: कारण मालकाला सोडलं की प्रत्येक जण हेच सांगणार. भरणीसाठी खेपेमागे पैसे घेणारे मालक मी स्वतः पाहिलेत. जमीन उंच झाली की भाव वाढतो, आणि पकडलं की 'रात्री कोण टाकून गेलं ठाऊक नाही'. शिवाय तिथे खारफुटी असेल तर राडारोडा टाकायला २००५ पासून हायकोर्टाची बंदी आहे, जमीन कुणाचीही असो.

खाडीकाठ: मी पैसे घेतले असते तर स्वतःहून तक्रार करायला गेलो असतो का?

स्पष्टवक्ता: तुम्ही नसाल हो. नियम एकट्या तुमच्यासाठी नसतो.

काळा कोट: दोन प्रश्नांची गल्लत होतेय. दोष कुणाचा हा एक, आणि ढीग आज कुणी उचलायचा हा दुसरा. दोषाबाबत सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये राजस्थानच्या बिछडी गावातल्या कारखान्यांच्या प्रदूषणाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय: प्रदूषण करणाऱ्यानेच सफाईचा खर्च द्यायचा. पण तिथे कारखाने नावानिशी माहीत होते, तरी ३७ कोटींहून अधिक रकमेचा वाद २०११ पर्यंत चालला. तुमचा डंपरवाला तर बिननावाचा. दुसऱ्या बाजूने, पैसे नाहीत म्हणून नगरपालिकेला हात वर करता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या रतलाम नगरपालिकेबाबतच्या निकालापासून ठरलेलं आहे. म्हणून मालकाची संमती किंवा माहिती होती का, हे आधी यंत्रणेने तपासावं. थेट बिल पाठवणं मला पटत नाही.

लेस्टरकर: इकडे इंग्लंडमध्ये १९९० च्या कायद्याचं ५९ वं कलम आहे. कौन्सिल जागेच्या ताबेदाराला नोटीस देऊ शकते, पण कचरा आपण टाकला नाही आणि जाणूनबुजून टाकूही दिला नाही हे दाखवलं की अपिलात नोटीस रद्द होते. मात्र खासगी जमिनीवरचा ढीग उचलायला कौन्सिल सहसा येत नाही. शेतकरी स्वतःच्या खिशातून उचलतात आणि शिव्या देतात!

नाक्यावरचा ठेकेदार: डंपरवाल्याला खेपेचे पैसे मिळतात. राडारोडा घेणारं केंद्र लांब, डिझेल महाग, मग अंधारात जवळचं शेत. त्याला धरून काही होत नाही, मूळ साइट धरा. २०१६ च्या नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांवर राडारोडा काढणाऱ्याला कामाआधी विल्हेवाटीचा आराखडा मंजूर करून घ्यायला सांगितलं होतं. तो कागद कुणी मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

खाडीकाठ: ढिगात एका सोसायटीच्या नावाची संगमरवरी पाटी मिळालीय. अर्धी तुटलेली, पण नाव वाचता येतं.

काळा कोट: हलवू नका. आधी पंचनामा करून घ्या, पाटीचा फोटो त्यात लावा आणि नोटिशीला लेखी उत्तर द्या.

स्पष्टवक्ता: सोसायटी म्हणेल, इमारत बिल्डरने पाडली. बिल्डर ठेकेदाराकडे बोट दाखवेल.

काळा कोट: दाखवू दे. तिघांनाही नोटीस जाऊ दे, सातबारावाल्याचा नंबर त्यांच्यानंतर.