रेकॉर्ड प्लेअर संगणकाला जोडल्यावर आवाज पातळ का येतो?

प्रश्न (खानापूर) :
आजोबांच्या संग्रहातील ४० एलपी (लाँग-प्ले तबकड्या) आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ११ जुन्या तबकड्या यंदाच्या पावसात बुरशी धरण्याआधी संगणकावर उतरवून घ्याव्यात, असे मनात आहे. प्लेअरची लाल-पांढरी पिन लॅपटॉपच्या माइकच्या छिद्राला जोडली. पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, खर्ज जवळजवळ नाहीच आणि मागे सतत घुमल्यासारखे ऐकू येते. सुई बदलूनही फरक पडला नाही. दोष प्लेअरचा आहे की जोडणीचा?

उत्तर (शहापूर, बेळगाव) :
दोष जोडणीचा आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुईची थरथर चुंबकाच्या साहाय्याने विजेत बदलणारा भाग) अवघे ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. माइकचे छिद्र ते वाढवील, पण दुसरे काम त्याला जमत नाही. तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात, कारण खर्जाच्या रुंद लाटा तशाच कोरल्या तर एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल. १९५४ साली अमेरिकेत ठरलेल्या आणि पुढे सर्वत्र रुळलेल्या आरआयएए वक्रानुसार (कोणता स्वर किती दाबायचा-उचलायचा याचे प्रमाण) हे उलटवण्याचे आणि आवाज वाढवण्याचे काम फोनो प्रीअँप हे छोटे यंत्र करते. तेव्हा प्लेअर, फोनो प्रीअँप, यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकाला समजेल अशा रूपात बदलणारी पेटी) आणि मग संगणक, असा क्रम ठेवावा. लॅपटॉपचे माइकचे छिद्र बहुधा मोनो असते, हेही लक्षात असू द्यावे. मात्र खरेदीपूर्वी प्लेअरवर 'फोनो-लाइन' असे बटण आहे का, ते पाहावे; असल्यास प्रीअँप आतच आहे. घुमणे बहुतेक वेळा अर्थची बारीक तार सुटी राहिल्याने होते.

उत्तर (निपाणी) :
वरील उत्तर एलपीपुरते पुरेसे आहे. ७८ च्या तबकड्यांचे गणित वेगळे. त्यांची खाच रुंद असल्याने सुमारे ३ मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोकाची सुई लागते, एलपीची ०.७ मिलची सुई खाचेच्या तळाशी घासत राहते आणि खरखरच अधिक उचलते. या तबकड्या लाखेच्या असतात, म्हणून बुरशी काढायला स्पिरिट मुळीच वापरू नये, लाख विरघळते. ध्वनिमुद्रण २४ बिटमध्ये करावे, सर्वांत मोठा आवाज संगणकावरील पातळीदर्शकात उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये आणि मूळ प्रत फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) ठेवावी. खरखर काढण्याचे प्रयोग नकलेवरच करावेत. माझ्या उत्साहात एका तबकडीतील तबल्याची धारच गेली.

प्रश्नकर्ता :
बटण ताटलीखाली दडलेले सापडले. ते लाइनवर करून, गल्लीतील भजनी मंडळाचा इंटरफेस मागून आणून पहिली एलपी उतरवली. खर्ज आला, घुमणेही थांबले. लाखेच्या ११ तबकड्या सध्या कोरड्या कपाटात उभ्या ठेवल्या आहेत. जाड सुई मिळाल्यावरच त्यांना हात लावीन.