लहान कॉलेजची कबड्डी टीम : 40,000 रुपयांत मोसम कसा काढावा?

सड्यावरचा (प्रश्न)
राजापूर तालुक्यातलं सिनिअर कॉलेज, मुलांची टीम. यादीत 16 नावं, सरावाला नऊ जण. जिमखान्याकडून वर्षाला 40,000 मिळतात. आमचं मैदान मातीचं, पुढचे सामने मॅटवर. मॅट घ्यावी की कोच आणावा? 12 जण कसे निवडावेत?

डावा कोपरा
मॅट विसरा. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, म्हणजे मीटर-मीटरचे 130 तुकडे. एवढ्या पैशांत ते बसत नाही. शिवाय पावसाळ्यात दमट खोलीत रचून ठेवले की बुरशी, उन्हात टाकले की आकसतात आणि दाते एकमेकांत बसत नाहीत.

आधी बूट घ्या. मातीत पाय घसरून वळतो, मॅटवर बूट धरून ठेवतो आणि गुडघा पिळतो. सामन्याच्या दिवशीच नवे बूट घातले तर चढाईवाला मागे वळतानाच अडकणार. बूट कॉलेजच्या नावावर, मापानुसार ठेवा, म्हणजे पुढच्या बॅचलाही चालतात. सामन्याआधी जवळच्या क्रीडा संकुलात मॅटवर दोन-तीन सत्रं मिळवा, त्यासाठी पत्र महिनाभर आधी द्या.

माझी वाटणी: कोच 14,000, बूट 12,000, प्रवास-जेवण 11,000, पट्ट्या-बर्फ-औषधं 3,000. जर्सी जुनीच. नव्या जर्सीचा फोटो छान येतो, गुण येत नाहीत.

मधली चेन
12 मध्ये चार चढाईवाले, तीन कोपरे (टोकाला उभे राहून पकडणारे), तीन कव्हर (कोपऱ्यांच्या आतल्या बाजूचे), दोन अष्टपैलू. चार चढाईवाले एकाच बाजूने शिरणारे नकोत, एखादा तरी डावरा असावा. समोर सहा किंवा सात खेळाडू असतानाच बोनसचा जादा गुण मिळतो, तेव्हा सुरुवातीच्या चढायांना बोनस रेषेपलीकडे पाय टाकणारा हवा. उलट आपले तीन किंवा कमी उरले की पकडीला एक गुण जास्त. ही तिघांची पकड वेगळी घोटवा, बहुतेक टीम फक्त सात जणांची चेन (हात धरून केलेली साखळी) घोटवतात.

सीनियर पुरुषांना वजनाची मर्यादा 85 किलो आहे. काटा महिनाभर आधी बघा. आदल्या दिवशी पाणी तोडून वजन उतरवलेला मुलगा दुसऱ्या हाफला पेटक्यांनी बसतो.

सड्यावरचा
आणि सात जण सरावाला येतच नाहीत, त्याचं काय?

वस्तीची गाडी
एस.टी.चं वेळापत्रक काढा. संध्याकाळचा सराव म्हणजे शेवटची गाडी चुकणं, त्यापेक्षा वस्तीची गाडी (रात्री गावात मुक्काम करून पहाटे सुटणारी) सकाळी पोचली की सव्वा तास घ्या. भातलावणीच्या दिवसांत आणि गणपतीत पूर्ण हजेरी धरूच नका, तेव्हा हॉलमध्ये पायांचं काम आणि चेन पुरे. लादीवर पकड अजिबात नको.

मैदानाखाली कातळ असेल तर वर वीतभर तरी चाळलेली माती हवी. दोन बोटं मातीवर कोपरे बिचकतात, घोट्याला हात घालायला खाली जातच नाहीत. मग कोच कितीही चांगला आणा.

कोचला महिन्याचं मानधन नको, सत्रामागे द्या आणि सही घ्या. ऑडिटला तेच लागतं.

डावा कोपरा
मुलींची टीमही काढा. मैदान 12 बाय 8 मीटर, नेहमीच्या एस.टी.त तिकीट निम्मं. कोच त्याच फेरीत दोन्ही टीम बघेल.