मुलीला १० मीटर नेमबाजी: रायफल की पिस्तूल? (ऐरोली)

ऐरोलीकर: मुलगी तेरा वर्षांची. ठाणे–नवी मुंबईत सुरुवात करायची आहे. आधी काय घ्यावं? परवाना लागतो का?

दहा_पॉइंट_नऊ: लगेच काही घेऊ नका. दोन-तीन महिने रेंजचीच (सरावकेंद्राचीच) गन वापरू द्या. ४.५ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूल ऊर्जेपर्यंतच्या एअरगनला शस्त्रपरवाना लागत नाही. बिल मात्र जपून ठेवा. रायफलला जॅकेट, ट्राउझर, बूट असा खर्च वाढतो, शिवाय वाढत्या वयात जॅकेट आखूड होतं. पिस्तुलाला तो जाच नाही. पण रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिमी, पिस्तुलाचा ११.५ मिमी, त्यावरून पिस्तूल सोपं समजू नका, ते एका हातात धरायचं असतं.

घणसोली_पिस्तूल: पिस्तूल घेतलंच तर ग्रिप (मूठ) तिच्या हाताच्या मापाची हवी. मोठी ग्रिप म्हणजे मनगट वळणार. नजर पुढच्या साइटवर (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवर), टार्गेट पुसटच दिसलं पाहिजे. उजव्या हाताचे शॉट सारखे खाली-डावीकडे जात असतील तर साइट फिरवत बसू नका, ट्रिगर झटक्याने ओढला जातोय. उपाय कंटाळवाणा: कोऱ्या भिंतीसमोर रोज वीस मिनिटं ड्राय फायर, म्हणजे छर्‍याशिवाय ट्रिगर ओढायचा सराव, गन रिकामी आहे हे दोनदा पाहून.

ऐरोलीकर: सेकंडहँड चालेल?

दहा_पॉइंट_नऊ: चालेल, पण हवेच्या सिलिंडरवरची मुदत आधी वाचा. आणि सोसायटीच्या गच्चीवर सराव अजिबात नको!

घणसोली_पिस्तूल: पावसाळ्यात गनच्या पेटीत सिलिका जेल (ओल शोषणारी पुडी) टाका. इथल्या दमटपणात गंज लवकर चढतो.