पळणाऱ्या पोरांचे फोटो हलतायत, १५००डी ला काय सेटिंग ठेवू?

वेशीजवळचा

नमस्कार मंडळी, फोटोग्राफीतलं मला फार कळत नाही त्यामुळं प्रश्न अगदी बेसिक वाटला तर सांभाळून घ्या. कॅननचा १५००डी कॅमेरा आहे, बरोबर आलेल्या १८-५५ (जवळचं काढायला) आणि ५५-२५० (लांबचं काढायला) एमएम अशा दोन लेन्स. घरात सहा वर्षांची मुलगी आणि तिच्यापेक्षा थोडा मोठा भाचा, दोघं एका जागी ठरतील तर शपथ. रविवारी संध्याकाळी ह्यांना घेऊन इथं कोल्हापुरात रंकाळा तलावावर नाहीतर पद्माराजे उद्यानात जातो, गल्लीतली आणखी पोरं असतात, मग शिवणापाणी, लंगडी, बॉल, काय वाट्टेल ते चालू होतं. बघायला एवढं भारी वाटतं आणि फोटोत मात्र काहीच येत नाही.

होतं असं की पोरगी ब्लर आणि मागचा कठडा एकदम शार्प. नाहीतर सगळंच हललेलं. ऑटोवर ठेवलं की जरा उजेड कमी झाला रे झाला की फ्लॅश टप्पकन वर येतो आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले. आणि कॅमेरा दिसला की खेळ बंद, सगळी लायनीत उभी, दोन बोटं वर. एका दुकानात विचारलं तर म्हणाले ह्या लेन्सनी होणार नाही, ७०-२०० ची लेन्स घ्या, किंमत ऐकून चहा न पिताच बाहेर आलो. बायको म्हणते मोबाईलवर काढा की, निदान दिसतात तरी.

खरंच लेन्सचा प्रॉब्लेम आहे का?

पेठेतला_फोटोवाला

भावा लेन्स बिन्स काय घेऊ नको आत्ता. जे हाय त्यात होतंय.

आधी हलतंय का ते बघ. सहा वर्षांचं पोरगं जोरात पळालं तर सेकंदाला चार मीटर तरी जातंय असं धर. ऑटोवर संध्याकाळी कॅमेऱ्याचं शटर १/६० सेकंदावर येतं, म्हणजे शटर उघडं असेपर्यंत पोरगं सहा-सात सेंटीमीटर पुढं सरकलं. चेहरा पुसला जाणारच. तेच १/१००० ला चार मिलिमीटर. हात-पाय तर अंगापेक्षा जोरात हलतात त्यामुळं त्यांना आणखी जास्त स्पीड लागतो.

म्हणून कॅमेऱ्यावरची डायल टीव्हीवर (Tv अक्षरांवर) आण, म्हणजे शटर आपण ठरवायचं, बाकीचं कॅमेरा बघून घेतोय. ऊन असताना १/१०००, ऊन उतरलं की १/५००, त्याच्या खाली पळापळीत येऊ नको. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो तो आकडा, ऑटो ठेव आणि मेनूत त्याची मर्यादा ६४०० कर. फोटोत दाणे दिसतील, दिसू देत, आल्बमच्या साईझला प्रिंट काढलास की कुणाला कळत पण नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये अॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या भोकाचा, आकडा लुकलुकायला लागला की समजायचं उजेड संपला, आता फोटो काळा येणार. टीव्हीत फ्लॅश आपोआप वर येत नाही, तो त्रास पण गेला. तू स्वतः वर केलास तर मात्र शटर १/२०० च्या पुढं जाणार नाही, म्हणजे परत पहिल्यासारखंच.

आता कठडा शार्प का येतो. फुल ऑटोत नऊ फोकस पॉइंटपैकी कुठला धरायचा ते कॅमेरा स्वतः ठरवतो आणि त्याला तुझी पोरगी कोण हे काय माहीत नाही, त्याला कठड्याच्या उभ्या-आडव्या रेघा आवडतात. त्यामुळं फक्त मधला पॉइंट सिलेक्ट कर, ह्या मॉडेलमध्ये क्रॉस टाइप, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही रेघा पकडणारा, तेवढा एकच आहे, बाकीच्यांपेक्षा तो भरवशाचा. आणि एएफ मोड (ऑटोफोकसची पद्धत) एकदाच फोकस करणाऱ्या वन शॉटवरनं काढून सतत फोकस करणाऱ्या ए-आय सर्वोवर टाक. बटण अर्धं दाबून धरायचं, पॉइंट पोरीच्या छातीवर ठेवून तिच्याबरोबर कॅमेरा फिरवत राहायचं, फोकस तिच्या मागं मागं जातो. सर्वोत फोकस झाल्यावर टूक असा आवाज येत नाही, म्हणून बिघडलाय असं समजू नको.

आणि स्क्रीनवर बघून काढत असशील तर ते पहिलं बंद. ह्या कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यूचा फोकस लई हळू आहे, तोवर पोरगं शालिनी पॅलेसपर्यंत पोचतंय. डोळा लावूनच काढ.

तांबडा_जास्त

पेठेतला_फोटोवाला यांनी सांगितलं ते बरोबरच आहे पण लेन्स अजिबात नको हे पटलं नाही. संध्याकाळी सहानंतर ५५-२५० झूम केली की तिचं अॅपर्चर ५.६ वर जातं (आकडा मोठा तेवढं भोक लहान), तिथं कितीही सेटिंग बदला, उजेड कुठनं आणणार? कॅननची ५० एमएम १.८ एसटीएम लेन्स घ्या, कॅननच्या लेन्समध्ये स्वस्तातल्या स्वस्तांपैकी आहे आणि ५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट उजेड आत घेते. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळं ती ८० सारखी दिसते, म्हणजे थोडं लांब उभं राहून पण काढता येतं. मागचं सगळं मस्त वितळतं, कठडा काय आणि भेळेच्या गाड्या काय.

पेठेतला_फोटोवाला

५० चांगलीच आहे, माझ्याकडं पण आहे, पण पळणाऱ्या पोरावर १.८ ला? तीन मीटरवरनं काढलास तर शार्प भाग जेमतेम वीतभर, पोरगं एक पाऊल पुढं आलं की गेलं. ५० घेऊन शेवटी २.८ किंवा ४ वरच काढावं लागतं. बसून मातीत किल्ला करणारं पोरगं असेल तर १.८ भारी. शिवणापाण्याला नको. आणि झूम नसल्यामुळं पोरांमागं आपणच पळत बसायचं, रविवारी पोट भरून जेवल्यावर ते काय जमत नाही.

शाहू स्टेडियमला केएसएची (कोल्हापूरच्या फुटबॉल संघटनेची) मॅच काढायला जातो तेव्हा एक गोष्ट डोक्यात बसली ती सांगतो, बॉलच्या मागं कॅमेरा फिरवणाऱ्याला गोल मिळत नाही. गोलच्या बाजूला बसून राहणाऱ्याला मिळतोय. पोरांचं पण तसंच. घसरगुंडी असेल तर खालच्या टोकावर फोकस करून लेन्सवरचं बटण मॅन्युअलला सरकव आणि गप बस, पोरं रांगेनं तिथंच येणार आहेत. झोका असेल तर वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, तेव्हा दाब, १/२५० ला पण शार्प येतो. उडी मारताना पण वर गेल्यावर एक थांबा असतोय बघ. ह्या कॅमेऱ्यात बटण दाबून धरलं तरी सेकंदाला तीनच फोटो निघतात, त्यामुळं धडाधड दाबून नशिबावर सोडण्यापेक्षा एकच, पण वेळेवर.

बाई_सुट्टीवर

मी प्राथमिक शाळेत शिकवते, स्नेहसंमेलन आणि क्रीडा महोत्सवाचे फोटो माझ्याच गळ्यात पडतात त्यामुळं दोन शब्द.

ती दोन बोटं वर करणं थांबवायचं असेल तर रागावू नका, "नीट खेळा बघू" असं तर अजिबात म्हणू नका, मग तर ती खेळल्याचं नाटक करतात आणि ते फोटोत लगेच दिसतं. पहिली दहा मिनिटं त्यांना पोज द्यायची तेवढी देऊ दे, सगळे फोटो काढा, स्क्रीनवर दाखवा, जमलं तर पट्टा गळ्यात अडकवून एखाद्याला काढायला पण द्या. एकदा कॅमेऱ्यातली गंमत संपली की ती तुम्हाला विसरतात. मग खरं काम. आणि उभं राहून काढू नका हो, पोरांची नुसती टाळकी येतात. खाली बसा, गुडघ्यावर, मांडी घालून, जमेल तसं. तुम्ही खाली आलात की मागच्या पार्क केलेल्या गाड्या आणि माणसांचे पाय फ्रेममधून जातात आणि आभाळ येतं, सहा वर्षांची मुलगी एकदम मोठी, रुबाबदार दिसते. कपडे मळतात. जुनी पँट घालून जायचं.

दुसरं जरा स्पष्टच सांगते. गल्लीतली आणखी पोरं म्हणालात, त्यांच्या आईवडिलांना विचारलंय का? ओळखीचे असले तरी विचारायचं. फोटो काढायला बहुतेक कोणी नाही म्हणत नाही, पण स्टेटसला किंवा फेसबुकवर टाकायचा का हे वेगळं विचारायचं आणि नाही म्हणाले तर वाद घालायचा नाही. शाळेचा बॅज, गणवेश, कुठल्या बागेत कधी असतात असलं काही कळेल असं टाकूच नये. बागेतल्या अनोळखी मुलांवर ५५-२५० रोखून बसणारा पुरुष दिसला तर मी स्वतः जाऊन विचारेन, तुम्हाला कोणी विचारलं तर राग मानू नका. मी तर काढलेले फोटो त्या त्या आईला पाठवून देते, पुढच्या वेळी त्याच बोलावतात.

वेशीजवळचा

बाई, मुद्दा एकदम मान्य. गल्लीतली ती दोघं पोरं शेजारचीच आहेत पण स्टेटसचं विचारलं नव्हतं, आज विचारलं. एक आई हो म्हणाली, दुसरी म्हणाली मला पाठवा पण टाकू नका. ठीक आहे.

पेठेतले भाऊ, टीव्ही, १/१०००, मधला पॉइंट, सर्वो, सगळं केलं आणि काल संध्याकाळी गेलो. फरक जाम आहे! लंगडी घालताना मुलीचा एक फोटो असा आलाय की केस हवेत, एक पाय वर, जीभ बाहेर, आणि सगळं शार्प. बायकोनं मोबाईलचा विषय काढला नाही. पण नवीन प्रॉब्लेम, रंकाळ्याच्या बाजूला तोंड करून काढले ते सगळे काळे आलेत, आभाळ मस्त नारिंगी आणि पोरांचे नुसते आकार. उजेड तर होता तेव्हा, आकडा पण लुकलुकत नव्हता.

तांबडा_जास्त

चौपाटीवरून पाण्याकडं बघितलं की संध्याकाळी सूर्य समोर येतो, त्यामुळं कॅमेरा आभाळाचा उजेड मोजतो आणि पोरांना अंधारात टाकतो. बिघाड नाही. एव्ही प्लस-मायनस (Av+/-) लिहिलेलं बटण दाबून धरून चाक फिरवा आणि +१ करा, तेवढ्यानं नाही झालं तर +१.७ पर्यंत जा. आभाळ पांढरं पडेल पण चेहरे दिसतील आणि केसांच्या कडेनं जी सोनेरी रेघ येते ना, त्यासाठी तर लोक तिथं येतात. घरी जाताना परत शून्यावर आणायचं. पांढरा शर्ट घातलेलं पोरगं भर उन्हात असेल तर उलटं, -०.३ किंवा -०.७, नाहीतर शर्ट नुसता पांढरा डाग.

किंवा सोप्पं म्हणजे तुम्ही पाण्याकडं पाठ करून बसा. सगळा उजेड पोरांच्या तोंडावर. पण मग मागं रस्ता येतो.

काळे आकार पण टाकून देऊ नका, उडी मारताना हातपाय सुटे सुटे दिसत असतील तर तसाच फोटो भारी दिसतो. दोन पोरं एकमेकांवर आली की मात्र राक्षस दिसतो.

खरीकॉर्नर

एवढी लेन्सवरून चर्चा चाललीय म्हणून आपलं आठवण करून देतो, आमच्या कोपऱ्यावर कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज त्याच्याखालून जाताय. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच कोल्हापुरात स्वतः बनवला. आणि आपण ७०-२०० नाही म्हणून अडलोय होय 😄

बाकी कामाचं, सायकलवरच्या पोराचा फोटो १/१००० ला काढला तर सायकल उभी असल्यासारखी दिसते, चाकाचे तारा पण मोजता येतात. तिथं स्पीड मुद्दाम १/३० ते १/६० वर आणा आणि पोराबरोबर कमरेतून वळत वळत दाबा, दाबल्यावर पण वळणं थांबवायचं नाही. पोरगं बऱ्यापैकी शार्प आणि मागचं सगळं आडव्या पट्ट्यांत. पोरगं समोरून आडवं जायला पाहिजे, अंगावर येताना हे होत नाही. बहुतेक फोटो वाया जातात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

वेशीजवळचा

सायकलचं रविवारी करून बघतो. शेवटचा प्रश्न, जून लागला की चार महिने कॅमेरा कपाटात ठेवायचा का? पोरं तर पावसातच जास्त खेळतात, गांधी मैदानात पाणी साठलं की त्यातच फुटबॉल.

पेठेतला_फोटोवाला

कपाटात ठेवलास तरच वाट लागेल. कोल्हापूरच्या पावसात बंद कपाटात लेन्सला बुरशी धरते, आत जाळीसारखं दिसतं आणि साफ करायला बराच खर्च येतो. हवाबंद डबा घे, सिलिका जेल टाक, त्यात ठेव. दाणे रंग बदलणारे घे, निळे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर गरम करायचे, परत निळे होतात. ती कढई परत स्वयंपाकाला नको, आणि कडेला पोरं नकोत.

पावसात काढताना जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक, रबर बँड, लेन्सच्या तोंडाला हूड (कडेची नळी) लावलेला. हा कॅमेरा पाण्यासाठी सील केलेला नाही त्यामुळं जोराच्या सरीत नाही, भुरभुरीतच, आणि आपण छपराखाली. लेन्स तिथं बदलायची नाही. घरी आलास की पिशवी लगेच काढ, आतली वाफ बाहेरच्या पावसापेक्षा वाईट. सुती फडक्यानं पूस, पंख्याखाली तासभर, मग डब्यात. मैदानात पाणी साठलं की ५५-२५० लावून कडेला बस, चिखलाचे शिंतोडे १/१००० ला एकेक थेंब वेगळा दिसतोय. ढगाळ असलं तर आयएसओ ३२०० च्या वर जाईल, जाऊ दे.

बाई_सुट्टीवर

आणि टॉवेल न्या. कॅमेऱ्याला नाही, पोरांना.